काकूच्या हाताची हळद

माय,

काल कानबाई बसली. या वर्षी मान आपल्याकडे होता, म्हणजे सुरतेत कोसाडला माझ्या घरी, आणि देवीच्या मागच्या पांढऱ्या कापडावर हळदीचे हात काकूनं उमटवले. हो, काकूनंच. तू असतीस तर आधी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं असतंस आणि मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली असतीस. म्हणून आधीच सांगते, ते हात उमटवायला मीच तिला लावलं, साऱ्या भाऊबंदकीसमोर. आणि त्याच्याही आधी, देवीपुढं मांडी घालून, जे तू मला त्या वर्षी करू दिलं नव्हतंस ते करून दाखवलं. माफी मागायला लिहीत नाहीये. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझं भांडण अजून तुझ्याशीच चालू आहे, आणि भांडणात आपली बाजू पुरती मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे तुला माहीत आहे.

यातली गंमत अशी की पाहायला मी शिकले तुझ्याकडूनच. पांडेसऱ्यातल्या आपल्या खोलीसमोरून डाइंगवाल्यांचं पाणी उघड्या गटारातून वाहायचं, कधी जांभळं, कधी पोपटी, कधी नवरीच्या शालूसारखं लाल. तू दारात भांडी घासता घासता त्या पाण्याकडे पाहून आज मिलमध्ये कुठला रंग लागलाय ते सांगायचीस, आणि संध्याकाळी आबा कामावरून आले की आपण दोघी आधी त्यांची नखं बघायचो. बरोबर निघालं की तू माझ्याकडे बघून भुवई उडवायचीस. बाकीच्या आया पोरांना गटारापासून लांब ओढायच्या. तू मला त्याच्या काठाशी उकिडवी बसवून विचारायचीस की पाणी पुढं गेल्यावर फिकं का होतं.

आणि लेवटा. तो तर तूच आणलास. आषाढ संपत आला होता, बाजारात खाडीकडची मासेवाली चिखलानं भरलेली टोपली घेऊन बसली होती आणि चिखल वळवळत होता. "जीवता छे बेन, जुओ तो खरा!" ती ओरडत होती. तू कालवणासाठी घेतलेस. घरी आल्यावर त्यातला एक बादलीच्या काठावरून बाहेर पडला आणि पुढच्या दोन परांवर रेलत, सरकत, आपल्या फरशीवरून चालायला लागला. मासा, आणि जमिनीवरून चाललेला! मी किंचाळले. आबा जेवणाची वाट बघत होते. ते म्हणाले, "त्याले कढईमा टाकस का त्यानी आरती करस?" तू हातातला विळा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या, पोर देखी ऱ्हायनी." पोर बघत होती हे खरंच, पण पोरीपेक्षा तूच जास्त बघत होतीस. तुझं नाक जमिनीला टेकायचं बाकी होतं. त्या माशानं आपले वर आलेले डोळे खाली खोबणीत ओढून घेतले आणि पुन्हा वर काढले, तर तू माझा दंड पकडून हलवलास, "देख व देख, मासा डोया मिचकाडस!"

बाकीचे कढईत गेले, तो एक राहिला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि घरात मासा शिजायचा प्रश्नच मिटला. श्रावण पाळणाऱ्या घरात श्रावणानं कुणाचा जीव वाचवला असेल तर त्या लेवट्याचा. फुटक्या घमेल्यात चिखल घालून तू तो आजीला दिसू नये म्हणून खाटेखाली ठेवलास, वर पिठाची जुनी चाळण झाकलीस. मी विचारलं, याला आपलं नळाचं पाणी चालेल का? तुला तरी काय ठाऊक. पण तू म्हणालीस, "खाडीनं पानी खारं ऱ्हास. मीठ टाकीसन देख." मग आपण एका वाटीत साधं पाणी घेतलं, एकीत मिठाचं, दोन्ही वाट्या चिखलात रोवल्या आणि तो कुठल्या वाटीत जाऊन बसतो ते बघत बसलो. तो मिठाच्या वाटीत बसला. तू अशी हसलीस की जणू तो तुझं ऐकूनच तिथं गेला. पुढं मी बीएस्सी झाले, प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये लागले, आता तिथल्या पोरांना रंगाची शेड कशी जुळवायची ते शिकवते. पण माझ्या आयुष्यातला पहिला प्रयोग तो, आणि तो तुझा होता. म्हणून तर पुढं जे तू केलंस त्याचा राग जात नाही. अडाणी बाईवर कोण रागावतं? तू अडाणी नव्हतीस.

त्याच श्रावणातली कानबाई. खानदेशातून पोटामागं सुरतेला आलो ते आपण तिला बरोबर घेऊनच आलो. रविवारी ती पाहुणी येते, रोट होतात, गाणी होतात, सोमवारी सकाळी तिला तापीत पोचवायचं. आपल्या भाऊबंदकीची रीत अशी की चौरंगामागं कोरं पांढरं कापड टांगायचं आणि घरातल्या सगळ्यात नव्या सुनेनं त्यावर ओल्या हळदीचे दोन्ही हात उमटवायचे. त्या वर्षी नवी सून म्हणजे काकू, आबांच्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळपासून ती आरशासमोर जाऊन येत होती. तळहाताला हळद लावताना तिनं मला बोलावून विचारलं होतं की बोटं पसरून ठेवू की जुळवून.

कापड तू धुतलं होतंस. आबा मिलमधून पोत्याच्या तळाला उरलेला सोडा पुडीत बांधून आणायचे. आपल्या चाळीत सगळ्यांकडेच तो असायचा, आणि त्यानं कपडा दुधासारखा पांढरा निघायचा. फक्त सोडा पुरता निघेपर्यंत कपडा खंगाळावा लागतो. पाण्यामागून पाणी, बोटांची बुळबुळ जाईपर्यंत. आबा मिलमध्ये दिवसभर कापड खंगाळण्याशिवाय दुसरं काय करत होते? पण त्या दिवशी नळ लवकर गेला. असलेलं पाणी रोटांसाठी राखायचं होतं. तू ते कापड एका पाण्यातून काढलंस, पिळलंस आणि दोरीवर टाकलंस. मी बाजूलाच उभी होते.

संध्याकाळी काकूनं डोक्यावरून पदर घेतला, हात कापडावर दाबले आणि बाजूला झाली. गाणं चालू होतं. हात पिवळे उमटले, आणि बघता बघता कडेपासून तांबडे व्हायला लागले. मग पुरते लाल. कुणीतरी रक्ताचे हात भिंतीला पुसावेत तसे दोन हात देवीच्या मागं. गाणं थांबलं. आजी पुढं आली. "कोना हात शे हाऊ?" कुणाचा ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. मग आजीनं काकूचं मनगट धरलं आणि सगळ्या बायकांदेखत विचारलं, "अडचणनी व्हती ना तू? देवीपासीन लपाडं?" पाळीत देवीला शिवली असा आळ, आणि काकू रडत होती. "नही व माय, देवीनी आन." आत्या, आबांची थोरली बहीण, म्हणाली की देवी खोटं बोलत नसते. झालं. काकूला बाहेर काढलं, कापड उतरवलं, सोमवारी सगळे तापीवर गेले आणि काकूला तिच्या माहेरच्या गाडीत बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तू रोटांच्या परातीशी खाली मान घालून बसलेली मला दिसत होतीस.

माझ्या फ्रॉकवर वरण सांडलं की साबण लावताना तो डाग लाल होतो, हे मला ठाऊक होतं. तूच दाखवलं होतंस कधीतरी, सहज, हसत. सोमवारी दुपारी घरात तुझ्याशिवाय मोठं कुणी नव्हतं. मी चिंधीवर हळद घेतली, सोड्याची चिमूट पाण्यात विरघळवली आणि त्यात बुडवली. लाल. लिंबू पिळलं. पिवळी. पुन्हा सोडा, पुन्हा लाल. माझे पाय जमिनीवर ठरेनात. मी तुला हाताला धरून ओढत आणलं आणि तुझ्यासमोर परत करून दाखवलं. काकूचा हात नव्हता माय, सोडा होता, आजीला सांगू, आत्ताच सांगू, काकूला परत आणू! तू ती चिंधी उचलून उजेडाला धरलीस. लेवट्याकडे बघताना तुझे जसे डोळे व्हायचे तसे ते झाले, एक क्षणभरच. तुला कळलं होतं. मग तू वाटी मोरीत ओतलीस, माझ्या हातातली लिंबाची फोड काढून घेतलीस, आणि ती चुलीवरच्या वरणात पिळलीस. मी म्हटलं, तू नाही तर मी सांगते. तेव्हा तू मला मारलंस. एकच, पण कान बधिर झाला. आणि म्हणालीस, "जे दिसस ते समदं बोलानं नही ऱ्हास."

त्याच आठवड्यात आजीला खाटेखालचा लेवटा सापडला. पाणी सोडून जमिनीवर हिंडणारा मासा घरात म्हटल्यावर तिला घर बाटल्याचा आणखी एक पुरावाच मिळाला. तू त्याला ओल्या फडक्यात घेतलंस आणि आपण दोघी खाडीवर गेलो. सगळी वाट मी तुझ्याशी बोलले नाही. तू त्याला काठाच्या चिखलात ठेवलंस, तर तो पाण्यात जाईना. तिथंच बसून आपल्याकडे बघत राहिला, डोळे खाली, डोळे वर. तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. मी तोंड फिरवलं.

काकू दिवाळीनंतर परत आली. पण दर कानबाईला ती बाहेर पायरीवर बसायची. रोटांचे गहू तिनं दळायचे, भांडी तिनं घासायची, देवीसमोर मात्र यायचं नाही. तिला मूल झालं नाही, तेही त्या लाल हातांच्या खाती गेलं. आजी गेली, आबा गेले, तू गेलीस, काकाही गेले, आणि पायरी चालूच राहिली. आता काकू माझ्याकडे असते. मी एकटी, ती एकटी, आमचं बरं चालतं.

आणि मी काय करते ते ऐक. दर रविवारी कोसाडच्या गच्चीवर बिल्डिंगमधली पोरं जमवते. कुणी डब्यातून सापसुरळी घेऊन येतं, कुणी मखमली किडा, कुणी शेपूट तुटलेली पाल. आम्ही त्यांना बघतो, चित्र काढतो आणि जिथून आणलं तिथं सोडून येतो. बाटलीत सोडा आणि लिंबू घालून तोंडाला फुगा लावतो. अंडं साध्या पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात तरंगतं, ते बघून पोरं अजून टाळ्या पिटतात. या पावसाळ्यात मी हजीऱ्याच्या बाजूनं लेवटे आणले, घमेल्यात चिखल, दोन वाट्या. एक लेवटा पुढच्या परांवर वळणं घेत सरकायला लागला तशी पोरं म्हणाली, "दीदी, ये तो गाडी चलाता है." खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या की तुम्ही पोरांना पाली-सरड्यांचं वेड लावताय, सापसुरळी विषारी असते, घरात अपशकुन येतो. मी त्यांच्यासमोर सापसुरळी तळहातावर घेतली. त्या जिना उतरून पळाल्या. पुढच्या रविवारी त्यांचाच पोरगा सगळ्यात आधी वर आला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, माय.

कानबाईचा मान या वर्षी माझ्याकडे, असा आत्याचा फोन आला तेव्हाच मी ठरवलं. काकू तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, हात तू उमटवायचे, आणि आधी मी सगळ्यांना दाखवणार की त्या वर्षी काय झालं होतं. हळद, सोडा, लिंबू, सगळं मी तिला सांगायला लागले. तिनं मान वरही केली नाही. म्हणाली, "माले माहीत शे. तुनी मायनी माले तवयच सांगेल व्हतं."

ती तांदळातले खडे बाजूला काढत सांगत राहिली. गाडीत बसवायच्या आधी तू तिची पिशवी भरायला आत गेलीस आणि तिच्या कानाशी म्हणालीस की तुझे हात स्वच्छ आहेत, कापड मी धुतलं होतं, पाणी कमी पडलं. काकू म्हणाली, मग सासूला सांग ना. तर तू म्हणालीस, "माले तीन अंडेरी शेतस, अंडोर नही. मी बोलसू तर माले बी गाडीमा बसाडतीन. ह्या पोरी कोठे जातीन?" काकू पिशवी घेऊन गाडीत बसली. आणि जन्मभर तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तुझी पोरं म्हणजे आम्ही, तिनं डोक्याला तेल लावलं आम्हाला, पायरीवर बसून.

म्हणजे मी चिंधी घेऊन नाचत होते तेव्हा तुला ते आधीच ठाऊक होतं. मी तुला काही नवीन दाखवलंच नव्हतं. माझा कान बधिर झाला तो काही मी चुकले म्हणून नव्हे, मी मोठ्यानं बोलले म्हणून. आता तू म्हणशील, तुमच्यासाठीच केलं. केलं असशील. तीन मुलींची आई, मुलगा नाही, वर आजीसारखी सासू, मला का कळत नाही? सगळं कळतं. तरी मला ते मान्य नाही. आजी असेपर्यंत समजू शकते. पण आजी गेल्यावरही तू होतीस ना? तेव्हा तुला कोण गाडीत बसवणार होतं? तेव्हा एकदा तरी पायरीवर जाऊन काकूला हाताला धरून आत आणायचं होतंस. कानाशी सांगितलेल्या गोष्टीनं तुझं ओझं उतरलं, तिचं नाही. हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं आणि तू ती संधी न देताच गेलीस.

तर काल. घर बायकांनी भरलेलं, देवी नथ घालून चौरंगावर, दारात गच्चीवरची माझी सगळी पोरं. मी मध्ये बसले, दोन चिंध्या काढल्या, एक साध्या पाण्यात धुतलेली, एक सोड्यातून न खंगाळता काढलेली. दोन्हींवर हळदीचं बोट टेकवलं. एक पिवळं राहिलं, दुसरं लाल झालं. "लाल थई गयुं!" पोरं ओरडली. मग लिंबू पिळलं आणि लाल पुसत पुसत पिवळं झालं. बायका सरकून जवळ आल्या, एकीनं स्वतःचं बोट टेकवून पाहिलं. आत्या आता फार म्हातारी झालीय, खुर्चीत बसवून आणावी लागते. ती कडाडली, "देवीसमोर खेय मांडा का व?" मी म्हटलं, आत्या, त्या वर्षी जो मांडला होतात तो खेळच होता, आज खरं मांडलंय. देवी तेव्हाही खोटं बोलली नव्हती. काकूचे हात स्वच्छ होते आणि कापडात सोडा होता. असं सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकदाचं. पदराआड नाही, कानाशी नाही. तू ऐकायला हवं होतंस.

आत्या चिंधीकडे बघत होती. तिचा आवाज उतरला. तिनं विचारलं, "मंग ते कापड कोनी धुयेल व्हतं? तुनी मायनी ना? तिले माहीत व्हतं का हाई?"

हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं थांबले होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं, पाठ होतं. काकू हळदीची वाटी घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या खांद्याला लागत होता. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नही," मी म्हणाले. "तिले कसं माहीत व्हई?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं दोन्ही तळवे हळदीत बुडवले, पुढं झाली, आणि कापडावर दाबले, बोटं पसरून. ते कापड मी स्वतः धुतलं होतं, बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत खंगाळलं होतं. हात पिवळे उमटले आणि पिवळेच राहिले. आत्यानं खुर्चीतूनच हात जोडले, देवीला की काकूला ते मला कळलं नाही. मग कुणीतरी गाणं धरलं.

हा कागद मी कुणालाही दाखवणार नाही, माय. आत्याला तर नाहीच.